खडपावरची तीज

विठू पहिल्यांदा किनाऱ्याच्या खडकाळ खडपावर आला तो अष्टमीच्या भर दुपारी, आणि एका दगडावर बसून समुद्र आणखी मागे जाण्याची वाट बघत राहिला.

सगुणा वरच्या कातळावरून त्याला न्याहाळत होती. तिची कालवं फोडून झाली होती, टोपलीवर ओलं फडकं टाकून ती घराकडे निघालीही होती. पण असा माणूस वाडीला रोज बघायला मिळत नाही. काळी टोपी, गुडघ्यावर खोचलेलं धोतर, खांद्याला पिशवी, आणि पायातल्या वहाणा काढून छातीशी धरलेल्या — समुद्र जसा काही त्या वहाणांवरच टपून होता. अर्धा तास गेला. पाणी जिथल्या तिथे, आणि हा आपला बसून.

शेवटी तिला राहवेना.

"ओ पावणे, कुणाची वाट बघताय?"

"पाणी मागं जायची."

"गेलं तेवढं गेलं. आज भांग हाय."

त्याने दचकून वर पाहिलं. "भांग? भर दुपारी?"

"दुपारी काय नि रात्री काय. अजून दोन दिवस भांगच."

"आणि... तुमच्याकडं बायकासुद्धा?"

त्याच्या चेहऱ्यावरची काळजी बघून सगुणाला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा टोपली खाली ठेवून तिला हसावं लागलं. अष्टमीच्या सुमाराला समुद्र आळसावतो, धड भरत नाही आणि धड ओसरतही नाही. त्याला किनाऱ्यावरची माणसं भांग म्हणतात. विठूची भांग वेगळी. ती बरणीत राहायची, तुपात परतली जायची आणि चिमटीने औषधात पडायची. रत्नागिरीतल्या एका वैद्यबुवांकडे तो चार वर्षं खल घोटत होता. कवड्या, शंख, शिंपा, समुद्रफेस आणून देणारा म्हातारा थकला, म्हणून वैद्यबुवांनी यादी देऊन यालाच धाडलं होतं.

"मग पाणी जातं कधी?" त्याने विचारलं.

"पाऊणकी येते?"

"येते की. पावकी, निमकी, सगळं येतं."

"मग तिथीची पाऊणकी करायची, ती भरतीची वेळ. त्यात सहा तास घातले की ओहोटीचा तळ. समजा बीज हाय. दोन पाऊणे दीड. दीडला भरती, साडेसातला तळ. अमावस-पुनव झाली की दोनचार दिवस उधाणाचे, तेव्हा समुद्र सगळं उघडं टाकून लांब जातो. तेव्हा या."

"शाळेत हे नाय शिकवलं आम्हाला."

"शाळा डोंगरात असेल तुमची."

होती खरी, लांज्याच्या बाजूची. विठूने ते कबूल केलं, वहाणा पुन्हा छातीशी धरल्या आणि रिकाम्या पिशवीने, खाडी ओलांडायला, भाट्याच्या तरीकडे चालू लागला. त्या दिवशी सगुणा साठसत्तर शब्द बोलली असेल. एरवी तेवढे तिला आठवडाभर पुरायचे.

त्याचं कारण तिच्या वाडीत होतं. भाट्याच्या खाडीपलीकडे, पावसच्या वाटेवर, कातळाच्या पोटाशी बसलेली एकतीस घरं; आणि शिमगा-गणपती सोडले तर त्या एकतीस घरांत मिळून पुरुष आठ, त्यांतले तीन अंथरुणाला खिळलेले. बाकी सगळे मुंबईला — गिरण्यांत, गोदीत, आगबोटींवर. शिमग्याला घरं भरायची, आठवडाभर ढोल आणि भांडणं चालायची, मग बोट सुटायची आणि वाडी अशी गप्प व्हायची की दुसऱ्याच्या घरातला पाटा ऐकू यावा. सगुणाचा बाप आगबोटीवर खलाशी होता. त्याने तिला अक्षर शिकवलं नाही, पाऊणकी शिकवली आणि एकदा बोटीवर गेला तो परत आलाच नाही. आईच्या लांबलेल्या दुखण्यात हिची दोन स्थळं हातची गेली, आणि मग आईही गेली. भाऊ धोंडू परळच्या गिरणीत. घरात उरली ती बावीस वर्षांची सगुणा आणि सखूआत्या. आत्या वाईट नव्हती, पण शब्द मिठासारखे वापरायची. जेवताना एक, निजताना एक.

म्हणून सगुणा खडपावर बोलायची. पाण्याच्या कुंडांशी, खेकड्यांशी. खेकडा एका बाबतीत माणसापेक्षा बरा. तो डोळे बाहेर काढून ऐकतो.

विठू पुन्हा आला तो पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, बरोब्बर साडेसातला.

समुद्र खरोखरच सगळं टाकून गेला होता. खडपाच्या खोबणीखोबणीत पाणी साचलं होतं — कुठे तळहाताएवढं, कुठे माणूस बुडेल एवढं. तळाशी गुलाबी-हिरवी समुद्रफुलं उघडून बसली होती. काचेसारखी कोळंबी, जिचे फक्त डोळे दिसतात. कपारीत काटेरी काळे गोळे. विठू कुंडाच्या काठावर उकिडवा बसला, आणि दुकानात माशी उडवावी तितक्या सहज त्याने एका फुलाला बोट लावलं. पाकळ्या मिटल्या.

"धरलं," तो हळूच म्हणाला.

"धरू दे. चव बघून सोडेल."

"नाय सोडलं तर?"

"मग बसा भरतीपर्यंत. मी चालले."

ती गेली नाही. तिने बाजूचा एक दगड अलगद उलटला. खाली काळ्या मखमलीचा ठिपका चिकटलेला. तिने तो नखाने जरासा टोचला. मखमल दोन्ही बाजूंनी सरकत आत गेली, आणि आतून लखलखीत कवडी बाहेर आली.

विठू बघतच राहिला. चार वर्षांत त्याने हजारो कवड्या निखाऱ्यावर भाजल्या होत्या, खलात घोटल्या होत्या.

"ह्यात... कोण राहतं?"

"मग काय? दुकानात पिकते असं वाटलं?"

त्याने कवडी तळहातावर घेतली. थोड्या वेळाने मखमल भीत भीत परत बाहेर आली. मग त्याने ती होती तिथे ठेवली आणि वरचा दगडही होता तसा पालथा घातला. सगुणाने ते पाहिलं. कुर्ल्या धरायला येणारे सगळे दगड उलटतात आणि तसेच टाकून जातात. खालचं जे काय असेल ते उन्हात वाळून जातं. ह्याला कुणी सांगितलं नव्हतं. दगड परत कसा ठेवतो यावरून सगुणा माणूस जोखायची, आणि त्या मापाला आजवर फारसं कुणी उतरलं नव्हतं.

"वैद्यबुवांना काय सांगाल?"

"सांगेन, घरी माणसं होती."

ती तोंड फिरवून हसली. पण त्याने ते पाण्यात पाहिलं.

मग तीज, चौथ अशी एकही ओहोटी त्याने सोडली नाही. वाळूच्या पट्ट्यावर समुद्राने आणून टाकलेल्या रिकाम्या कवड्या आणि समुद्रफेस ती दाखवायची, तो वेचायचा आणि बोलायचा. काय बोलेल त्याचा नेम नव्हता. वैद्यबुवा कडू काढा देताना स्वतः कसं तोंड वाकडं करतात, लांज्याला फणस कसा झाडाच्या मुळाशी लागतो, तरीत बसल्यावर तो डोळे मिटून शंभर कसे मोजतो.

"एवढं भय वाटतं, तर येता कशाला?"

"येतो..." तो म्हणाला आणि एक शिंप उगाचच दोनदा धुतली. "यादी मोठी हाय."

यादी तिने पाहिली होती. चार ओळींची होती.

नंतर अष्टमी-नवमीची भांग आली. तो येणार नव्हताच. आला टपालवाला. दादू टपालवाला वाडीची सगळी पत्रं अंगणात उभा राहून खणखणीत आवाजात वाचायचा, त्यामुळे धोंडूचं पत्र सगुणाच्या आधी शेजारणीला कळलं. त्याच्याच खोलीतला बाबू म्हणून एक विधुर आहे, पगारी आहे, सगुणाला पाठवून द्यावं. खोलीत आठ जण. तिच्या हातचा भात मिळेल, सगळ्यांचीच सोय होईल. शेजारणी म्हणाल्या, नशीब काढलं पोरीने. आत्या काहीच म्हणाली नाही. त्या दिवशीचे तिचे दोन्ही शब्द होऊन गेले होते.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला, पहाट सरताना विठू खडपावर आला तेव्हा सगुणाने हे सगळं त्याला सांगितलं. चेष्टेच्या सुरात सांगायला गेली, पण आवाज मध्येच खाली गेला.

विठू पाण्यात काडी फिरवत होता. काडी थांबली.

"तुम्हाला जायचंय मुंबईला?"

"मला कोण विचारतंय?"

"मी विचारतोय."

हे कुणी तिला विचारलंच नव्हतं, म्हणून उत्तर जरा शोधावं लागलं. "नाय," ती म्हणाली. "इथल्या माणसांना तिकडं जाताना मी जन्मभर बघतेय. आणि तिथं त्या खोलीत... ओहोटी झाली हे कळायचं कसं?"

त्याने हातातली काडी पाण्यात सोडून दिली. बोलका माणूस गप्प झाला की जास्तच ऐकू येतो.

"मला एक बोलायचंय," तो शेवटी म्हणाला. "आज नाय पण."

"मग कधी?"

"तिजेला."

"तिजेला तळ सव्वाआठला."

"सव्वाआठला. येतो."

आणि जाताना, तिची टोपली पलीकडच्या दगडावर राहिली होती ती आणायला, वहाणा खाली टाकून हा माणूस गुडघाभर पाण्यात शिरला. डोळे मिटले होते की नव्हते, ते तिला मागून दिसलं नाही.

तीज दोन दिवसांवर होती. सगुणाने त्या दिवशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. आत्याने नुसतं पाहिलं. सव्वाआठ झाले, उन्हाची तिरीप कातळावरून खाली आली, तेव्हा नऊ झाले. खडप एवढं मोठं तिला कधी वाटलं नव्हतं. मग भरती लागली. ती कशी येते हे सगुणाला ठाऊक होतं, पण बसून कधी पाहिलं नव्हतं. आधी बाहेरच्या कुंडात एक जीभ येते, परत जाते. मग दुसऱ्या कुंडात. प्रत्येक कुंड तासभर वेगळं असतं, आपलं आपलं; आणि मग एकेक करत सगळी नाहीशी होतात. तिच्या पायाशी पाणी आलं तेव्हा ती उठली.

चौथीला ती पुन्हा गेली. साधंच लुगडं नेसून, कालवांसाठी म्हणून. पंचमीलाही गेली. मग भांग लागली आणि जायला निमित्त उरलं नाही.

तिने मनाशी पक्कं करून टाकलं. यादी संपली असेल. शहरातला माणूस, कुणीतरी भीती घातली असेल, नाहीतर कुणी सांगून आली असेल. जे गेले त्या सगळ्यांनी येतो असंच सांगितलं होतं. तिच्या बापानेही बंदरावर हेच सांगितलं होतं. रात्री जेवताना आत्याने विचारलं, "काय कळवू?" सगुणा म्हणाली, "होय म्हणून." आत्याने तिच्याकडे पाहिलं, आणखी काही विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

दादूने पत्र लिहिलं. अवसेच्या आत उत्तर आलं. वैशाख शुद्ध पंचमीच्या बोटीने शेजारची हौसा मुंबईला यायची आहे, तिच्याबरोबर सगुणाला पाठवा. पुढे पावसाळ्यात बोटी बंद होतील.

अवसेचं उधाण आलं. सगुणा खडपाकडे फिरकली नाही. तिने दोन लुगडी आणि आईचा तांब्या गाठोड्यात बांधला. तिजेच्या सकाळी मात्र तिला घरात बसवेना. परवा बोट. एकदा बघून यावं म्हणून ती उतरली, आणि अर्ध्या उतारावर थबकली.

विठू खडपाच्या पार टोकाला, पोटरीभर पाण्यात उभा होता. कोरं करकरीत धोतर, टोपीही नवी, हातात शेंडीचा नारळ. लाट आली की तो नारळ वर धरायचा.

ती जवळ गेली. राग कुठून सुरू करावा हे तिला कळेना.

"आलात?"

"तीज नाय का?" त्याच्या तोंडावर सगळा आनंद होता. "सव्वाआठ."

"तीज होऊन गेली. पंधरा दिवस झाले."

"ती वद्य होती."

"ती काय होती?"

"वद्य तीज. मी नुसतं तीज म्हटलं होतं." तिचा चेहरा पाहून त्याचं बोलणं अडखळलं. "म्हणजे... आमच्याकडं चांगलं काही वद्यात सुरू करत नाय. औषधाची पहिली पुडीसुद्धा शुद्धातच. वैद्यबुवा नुसती तिथी बोलले की ती शुद्धच धरायची. वद्य असली तर वद्य म्हणतात. त्यात आज अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांतला. म्हटलं, असलं बोलणं बोलायचं तर..."

"समुद्राला शुद्ध-वद्य नसतं," सगुणा म्हणाली. "दोन्ही तिजेला पाणी सव्वाआठलाच जातं. आमच्याकडं तीज म्हणजे पुढची तीज."

"...तुम्ही आला होता?"

त्या दिवशी बसली होती त्या दगडाकडे तिने पाहिलं. विठूचा नारळ धरलेला हात खाली आला. लाट येऊन धोतर कमरेपर्यंत भिजवून गेली. त्याला कळलंही नाही.

"मी गावाला गेलो होतो," तो हळू म्हणाला. "लांज्याला, आईला विचारायला. चालत. घर, कूळ, सगळं विचारून झालं तिचं. ती हो म्हणाली. वैद्यबुवा म्हणाले, खाडीपलीकडं राहिलास तरी चालेल, सकाळच्या तरीने येता येतं. सगळं करून मग सांगावं म्हटलं... तुम्ही वाट बघत असाल हे डोक्यातच नाय आलं."

"मी होय कळवलंय." तिचा आवाज कोरडा होता. "परवाची बोट."

दोघं उभी राहिली. पाण्याने तळ गाठला होता. ही ती वेळ, जेव्हा समुद्र जातही नाही आणि येतही नाही. सगुणाला वाटलं, आता हा म्हणेल, मग काय, नशीब. म्हणाला असता तर ती परवा बोटीत बसली असती.

"मग मी काय करू?" विठूने विचारलं. "तुम्ही सांगाल ते करतो."

"एक विचारते. खरं सांगा. तुम्ही मुंबईला कधी जाणार?"

"मी?" तो गोंधळला. "कशाला?"

"सगळेच जातात. लग्न होतं, वर्ष जातं, मग पत्र येतं, मग बोट येते. तुम्ही कधी?"

"मला ती भाट्याची खाडी तरीतूनसुद्धा डोळे उघडे ठेवून ओलांडता येत नाय. आगबोटीत मला कोण चढवतोय?"

भित्रेपणाची एवढी सरळ कबुली ऐकून आजवर कुणा बाईचा जीव भांड्यात पडला नसेल. सगुणाने पुढे होऊन त्याच्या हातातला नारळ घेतला, कारण तो लाटेत जाणार होता.

"लिहिता येतं ना तुम्हाला?"

"येतं."

"मग चला आत्याकडं."

सखूआत्या ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने ओलाचिंब विठू टोपीपासून अंगठ्यापर्यंत पाहिला. सगुणाने सगळं सांगितलं — तीज, वद्य, शुद्ध, लांजा, आई. विठू मान खाली घालून उभा; धोतरातून पाणी ठिबकून ओटीवर तळं होत होतं.

"चार वर्षं खल घोटतोस," आत्या म्हणाली, "आणि वद्य म्हणायला जीभ वळली नाय?"

"चुकलं."

"इकडं राहणार?"

"होय."

"हिला कालवांना जाऊ देणार?"

"मीच येणार बरोबर."

"तू नको. बुडशील." आत्याने सूप बाजूला ठेवलं. दोन वर्षांत सगुणाने तिला सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. "पत्र आलं तेव्हाच मला विचारायचं होतं गो तुला. आठ जणांचा भात मीपण रांधलाय, गिरणगावात, तीन वर्षं. सांगितलं नाय कधी कुणाला. कागद आण."

"धोंडूदादा चिडेल."

"चिडू दे. त्याला ढुंगण धुवायला मी शिकवलंय. आणि त्या बाबूला म्हणावं, भात हवा तर भटारी ठेव. लिही रे."

कागद आला, दौत आली. विठू ओल्या धोतरानेच पाटावर बसला आणि आत्याने सांगितलं तसं लिहीत गेला. चिरंजीव धोंडू यास सखूआत्याचे आशीर्वाद. सगुणा येत नाही. तिचे येथेच ठरले आहे. आगाऊपणा मी केला आहे, राग माझ्यावर काढणे. हौसेबरोबर पत्र पाठवीत आहे. एवढं सांगून आत्या पेजेचं बघायला आत गेली, आणि जाताना तिने दार, कारण नसताना, अर्धं लोटून घेतलं.

"मुलाचं लिहायला हवं," सगुणा म्हणाली. "कोण, कुठला."

"सांगा."

"लिहा, लांज्याकडचा. वैद्याकडे कामाला. उंचीने बेताचा."

"बेताचा?"

"मध्यम लिहा मग. स्वभावाने..." ती थांबली. "बोलका आहे."

"बोलका लिहू?"

"लिहा. ते मुख्य हाय."

त्याने लिहिलं. मग मान खाली घालून आणखी लिहीत राहिला; एक ओळ, दोन ओळी. बोरू दौतीत बुडवला, पुन्हा लिहिलं. सगुणाला अक्षर येत नव्हतं, पण आपण किती सांगितलं आणि कागदावर किती उतरलं एवढा अंदाज होता.

"हे काय? मी एवढं नाय सांगितलं."

"ते माझं हाय."

"वाचा."

विठूने घसा साफ केला. पत्र वाचताना दादू काढायचा तसा आवाज काढायला गेला, पण तो काही निघाला नाही.

"'आपल्या भगिनीवाचून मला आता कोठेही करमत नाही. सबब ती जेथे असेल तेथेच मी राहीन, हे आपणांस कळावे.'"

बाहेर ऊन चढत होतं. एकतीस घरांतून कुठेच आवाज नव्हता; आत चुलीवर पेज रटरटत होती.

"परत वाचा," सगुणा म्हणाली.

त्याने परत वाचलं. ह्या वेळी जरा सावकाश.

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा वाचताना त्याने कागदाकडे पाहिलं नाही.